बार्शी लाइट पुन्हा चालवायची असेल तर

चौसाळ्यात रात्री कानावर पडतो तो ट्रकचा हॉर्न. सोलापूर–धुळे महामार्ग गावाला लागूनच आहे, त्यामुळे इथल्या पोरांना टायरांच्या कंपन्या आणि ट्रकांची मॉडेलं तोंडपाठ असतात. रेल्वे बघायची म्हणजे गाव सोडून निघायचं. बीडला गाडी आली ती परवा-परवा, १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाची वाट बघण्यात इथल्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, या भागात रेल्वेचं वेड असलेली माणसं ठिकठिकाणी सापडतात. कुणी खोक्याचे डबे करून ठेवतो, कुणी गणपतीच्या देखाव्यात दरवर्षी रेल्वे स्टेशन मांडतो, कुणी मोबाइलवर परदेशातल्या छोट्या रेल्वेचे व्हिडिओ रात्री एकपर्यंत बघत बसतो आणि मग विचारतो, "हे आपल्याला जमेल का हो?"

जमेल. पण सुरुवात कशी करता यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक जण जी सुरुवात करतात ती मला चुकीची वाटते, म्हणून हा लेख.

नेहमीची सुरुवात अशी असते. पुण्यामुंबईहून किंवा परदेशातल्या नातेवाइकाकडून एक तयार संच मागवायचा: इंजिन, तीन डबे, गोल रूळ आणि कंट्रोलर. गाडी जर्मन किंवा अमेरिकन. पहिल्या दिवशी अख्खं घर भोवती जमतं, आठवड्यानं फक्त लहान पोरगं, महिन्यानं खोकं माळ्यावर. गाडी खराब नसते. ती कुठली आहे, कुठे निघालीय, तिच्यात कोण बसलंय, यातलं आपल्याला काहीच ठाऊक नसतं, आणि गोल-गोल फिरणाऱ्या गाडीकडे माणूस किती वेळ बघणार? शिवाय २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली, तेव्हापासून बाहेरचा संच हा हौसेपेक्षा कर्जाचा विषय झाला.

माझं सांगणं सरळ आहे. आपल्या भागातून जी गाडी धावली तीच करा. चौसाळ्याहून दक्षिणेला निघालं की येरमाळा, मग येडशी. त्या येडशीवरून शंभर वर्षं एक छोटी गाडी जात होती. कुर्डूवाडी, बार्शी, पांगरी, येडशी, ढोकी, मुरूड, लातूर. लोक तिला 'बार्शी लाइट' म्हणायचे. टेबलावर रेल्वे करणाऱ्यासाठी तिच्याइतका चांगला विषय महाराष्ट्रात दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे. ते केवळ प्रेमापोटी नाही, त्याला गणिताचा आधार आहे.

बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं उभी केली. १८९७ मध्ये ती बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डूवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज असे फाटे वाढत गेले. रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कॅलथ्रॉपचा आग्रह असा होता की एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये आणि इंजिनापासून वाघिणीपर्यंत, म्हणजे मालडब्यापर्यंत, सगळी वाहनं याच हिशोबानं बांधायची. हलके रूळ टाकूनही भरपूर माल ओढता येतो, हे त्याला दाखवायचं होतं आणि त्यानं ते दाखवलं. लीड्सच्या किटसन कारखान्यात बनलेली त्याची पहिली इंजिनं हिंदुस्थानात पाठवण्याआधी तिथेच, न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून चालवून दाखवली होती. पुढे इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये १९०४ साली सुरू झालेली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे त्यानंच बांधली, बार्शीच्या अनुभवावर. ती अवघी तीस वर्षं चालली, १९३४ ला बंद झाली. पण तिकडच्या हौशी लोकांनी तिची इतकी मॉडेलं केली की आजही ती गाडी शेकडो टेबलांवर जिवंत आहे. तिची थोरली बहीण आपल्याकडे २००८ पर्यंत धावत होती. नंतर तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. आपण मात्र तिची एक वाघीणसुद्धा घडवली नाही.

आता गणित. छोट्या रेल्वेच्या जगात सर्वांत रुळलेलं प्रमाण म्हणजे एच-ओ, १:८७. याची गंमत अशी की खऱ्या गाडीत जो एक फूट, तो मॉडेलमध्ये साडेतीन मिलिमीटर. एवढं एकच लक्षात ठेवा, बाकी सगळं तोंडी होतं. बार्शी लाइटचे रूळ अडीच फुटी, म्हणजे मॉडेलमध्ये पावणेनऊ मिलिमीटर. आणि बाजारात 'एन गेज' नावाचे जे तयार रूळ मिळतात ते असतात नऊ मिलिमीटरचे. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला कधीच दिसणार नाही. भारतीय ब्रॉडगेज करायला जा, १६७६ मिलिमीटरचे १:८७ मध्ये सव्वाएकोणीस होतात आणि तयार रूळ मिळतात साडेसोळाचे. म्हणजे सुरुवातीपासून तडजोड. गाडी चिंचोळ्या पायांवर उभी राहिल्यासारखी दिसते. शिवाय ब्रॉडगेजचा साधा आयसीएफ डबा मॉडेलमध्ये जवळपास पाव मीटर लांब होतो आणि चोवीस डब्यांची गाडी करायची तर सहा मीटर फलाट लागतो. तेवढी लांब खोली आपल्यापैकी किती जणांकडे आहे? बार्शी लाइटची वाघीण पंचवीस फूट लांब, सात फूट रुंद. साडेतीननं गुणा: साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर लांब, साडेचोवीस रुंद. हाताच्या तळव्यात मावते. इंजिनामागे सहा वाघिणी जोडल्या तरी गाडी दारामागच्या कोनाड्यात बसते.

ज्यांना बीडच्या नव्या स्टेशनातली डेमू गाडीच करायची आहे त्यांनी ती जरूर करावी, मी आड येणार नाही. फक्त पहिला प्रकल्प म्हणून नको.

पाट

या छंदात लोक आधी इंजिन घेतात आणि पाट, म्हणजे ज्यावर रूळ बसवायचे ती फळी, शेवटी करतात. उलटं करा. गावातल्या सुताराकडे जा आणि १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद असा पाट करून घ्या: वर नऊ मिलिमीटरचा प्लायवूड, खाली दोन बाय एक इंचाच्या पट्ट्यांची चौकट, मध्ये दोन आडव्या पट्ट्या. हेच माप का? हा पाट एक माणूस काखेत धरून जिना चढू शकतो, जीपच्या मागच्या सीटवर तो आडवा राहतो आणि घरात पलंगाखाली सरकतो. खोलीभर एकसंध लेआउट करणाऱ्यांचं काम घर बदललं, लग्न ठरलं, पाहुणे आले की मोडतं. तुकड्यांत केलेलं टिकतं.

लाकूड वाळलेलंच घ्या. माझा पहिला पाट मी घाईनं ओल्या लाकडाचा करून घेतला. उन्हाळ्यात झकास, पण दोन पावसाळ्यांनंतर त्याला असा पीळ पडला की मधल्या रुळावर इंजिनाचं एक चाक हवेत राहायचं. पूर्ण पाट टाकून द्यावा लागला, वर केलेल्या कामासकट. म्हणून वाळलेलं लाकूड, आणि प्लायवूडच्या दोन्ही बाजूंना वार्निश. फक्त वरच्या बाजूला वार्निश लावलं तर खालची बाजू दमट हवा पिते आणि पाट वाकतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाटाच्या दोन्ही टोकांना रूळ कुठे संपणार, हे आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवा. माझं माप असं: पुढच्या कडेपासून रुळाचा मध्य पंधरा सेंटिमीटरवर, शेवटचे दहा सेंटिमीटर रूळ कडेला काटकोनात आणि सरळ, जमिनीपासून रुळाची उंची नव्वद सेंटिमीटर. चौकटीच्या टोकाच्या पट्टीला आठ मिलिमीटरची दोन भोकं, त्यात पंखांच्या नटाचे बोल्ट. हे माप तुमच्या येडशीच्या मित्रानं पाळलं, बार्शीच्या मित्रानं पाळलं, तर तिघांचे पाट कुठल्याही शाळेच्या हॉलमध्ये पाच मिनिटांत एकमेकांना जोडता येतात आणि तुमची गाडी त्यांच्या स्टेशनात जाते. बाकी सगळं ज्याचं त्याच्या मनासारखं. टोकं मात्र सगळ्यांची सारखी हवीत.

रूळ आणि वीज

रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. पितळी स्वस्त मिळतात पण काळे पडतात आणि मग गाडी अडखळते. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशीपार जातो, थंडीत पहाटे दहा-बारावर येतो. एक मीटर रूळ एवढ्या फरकानं साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. म्हणून जोडाजवळ व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट सोडा. एप्रिलमध्ये रूळ बसवत असाल तर फट कमी, जानेवारीत बसवत असाल तर थोडी जास्त. खरी रेल्वे वर्षानुवर्षं हेच करत आली. वळण तीस सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा कमी घेऊ नका. तेवीसवरही छोटी इंजिनं वळतात, पण केविलवाणी दिसतात.

धुळीचं काय करायचं हा चौसाळ्यातला कायमचा प्रश्न आहे. काम संपलं की पाटावर जुन्या सुती साडीचं कापड घाला. रूळ पुसायला फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. घासकागद कधीच नको. त्यानं पडलेल्या बारीक चरांत पुढे आणखी धूळ बसते.

गाडीला बारा व्होल्टचा डीसी करंट लागतो. एका रुळातून जातो, दुसऱ्यातून परत येतो, मधल्या इंजिनाची मोटर फिरते. तारा उलट केल्या की गाडी उलटी जाते, एवढंच शास्त्र. पण आपल्याकडे लाइट केव्हा जाईल याचा भरवसा नाही आणि असते तेव्हाही व्होल्टेज वरखाली होतं. यावर उत्तर तुमच्या गोठ्यातच आहे: फवारणी पंप. पाठीवरच्या बहुतेक बॅटरी पंपांत बारा व्होल्टची बॅटरी असते. फवारणीचा हंगाम नसेल तेव्हा ती मोकळीच असते. तिला डीसी मोटरचा वेग कमी-जास्त करणारा छोटा पीडब्ल्यूएम कंट्रोलर जोडा, दिशा बदलायला एक दुहेरी स्विच लावा, आणि या सगळ्याच्या आधी, बॅटरीच्या अगदी जवळ, एक अँपिअरचा फ्यूज. फ्यूज विसरायचा नाही. नाहीतर या बॅटरीच्या तारांची दोन टोकं चुकून स्क्रू ड्रायव्हरनं जोडली गेली तर तार लाल होते आणि कापड पेटतं. घरातला २३० व्होल्टचा पुरवठा मात्र पाटाच्या आसपासही आणू नका. अडॅप्टर वापरायचा असेल तर चांगल्या बनावटीचा, आणि तोही भिंतीजवळच राहू द्या.

प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून स्वतंत्र तार सोल्डर करा. जोडांवर विसंबून राहिलात तर सहा महिन्यांत एकेक तुकडा मरायला लागतो आणि मग दोष शोधण्यातच रविवार जातो.

इंजिन विकत, बाकी हातचं

इंजिनाचा सांगाडा, म्हणजे मोटर, गिअर आणि चाकं, विकतच घ्या. एन गेजचं कुठल्याही देशाचं एखादं साधं, नीट चालणारं इंजिन घ्या, त्याचं वरचं आवरण काढा आणि आपलं चढवा. बार्शीचं पहिलं किटसन इंजिन आठ जोडलेल्या चाकांचं, मागे चार लहान चाकं, अंगावरच पाण्याची टाकी. ते फार देखणं आहे, पण पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका. शेवटच्या काळात या मार्गावर धावलेल्या डिझेल इंजिनापासून सुरुवात करा. ते मुळात एक लांब खोकं आणि त्याला एक केबिन. जाड पांढऱ्या प्लास्टिक शीटमधून धारदार कटरनं कापून दोन रविवारांत उभं राहतं. वाफेचं इंजिन हात बसल्यावर.

वाघिणींसाठी दुकान धुंडाळू नका. लग्नपत्रिकांचा जाड, गुळगुळीत पुठ्ठा यासाठी उत्तम आहे, आणि मराठवाड्यात तो मे महिन्यात गोणीनं जमतो. साडेसत्त्याऐंशी बाय साडेचोवीसचा तळ कापा, बाजू उभ्या करा, पट्ट्यांसाठी त्याच पुठ्ठ्याची बारीक कातरणं चिकटवा, पातळ केलेल्या फेविकॉलचा हात द्या म्हणजे पुठ्ठा दमट हवेत कमी फुगतो. चाकं आणि बोगी मात्र तयार घ्या. हातानं केलेलं चाक सरळ फिरत नाही. आत तळाशी लोखंडी नट चिकटवून सगळ्या वाघिणींचं वजन सारखं करा. पुढची हलकी आणि मागची जड असली की वळणावर हलकी आत पडते. घरी सोन्याचा काटा नसेल तर सराफाला विनंती करा, आनंदानं करून देतो.

मापं कुठून घ्यायची? जुन्या छायाचित्रांतून, आणि सारख्याच गेजच्या उरलेल्या गाड्यांतून. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, २००२ पासून. तिथल्या गाड्या बंगाल–नागपूर रेल्वेच्या असल्या तरी रूळ अडीच फुटीच. चाकाचा घेर, पायरीची उंची, दाराची रुंदी तिथे डोळ्यांनी बघता येते. टेप आणि वही न्या, तिथल्या माणसांना विचारून मापं घ्या.

बालाघाट टेबलावर

हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

छोटी रेल्वे करणारे बहुतेक लोक डोंगर म्हटलं की हिरवा डोंगर करतात, वर पांढरं शिखर आणि मधून बोगदा. तो आपला डोंगर नाही. आपला बालाघाट वरून सपाट आहे. मांजरसुंब्याच्या घाटात उभे राहून बघा: माथा टेबलासारखा, कडेला काळ्या खडकाचे थर पायऱ्यांसारखे, खाली तांबूस मुरूम आणि त्याखाली काळी माती. पिवळं वाळलेलं गवत आठ महिने, हिरवं चार. येडशीजवळ रामलिंगाच्या घाटात बार्शी लाइट याच पायऱ्या चढून वर यायची.

चढण दाखवायचा मोह होतो. १:५० चा चढ म्हणजे १२० सेंटिमीटरच्या पाटावर फक्त २.४ सेंटिमीटर उंची मिळते. दिसत काहीच नाही आणि इंजिन मात्र घसरतं. म्हणून रूळ सपाटच ठेवा आणि जमीन खाली न्या. पाटाच्या मध्ये एक फूटभर प्लायवूड कापून काढा, तिथे दहा-बारा सेंटिमीटर खोल नाला करा, त्यावर दगडी खांबांचा पूल. गाडी पुलावर आली की बघणाऱ्याला आपोआप घाट जाणवतो.

खडकाचे थर टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून आलेल्या थर्माकोलचे करा. सजावटीसाठी नवा थर्माकोल आणू नका, महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. जाड तुकडा मोडा, कापू नका. मोडलेली कड खडकासारखी दिसते. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा हात, मग काळा-करडा रंग पाणी जास्त घालून, म्हणजे तो भेगांत उतरतो.

मातीसाठी खरी माती. शेतातली काळी माती तव्यावर भाजून घ्या, नाहीतर पावसाळ्यात तिच्यातून कोंब येतात. मग चहाच्या गाळणीनं चाळा. रुळाखालच्या खडीसाठी मुरूम किंवा नाल्यातली वाळू, तीही चाळून. आणि इथे एक खबरदारी घ्या. आपल्या काळ्या खडकाच्या वाळूत लोहाचे बारीक कण असतात. इंजिनाच्या मोटरमधलं लोहचुंबक ते ओढून घेतं, कण गिअरमध्ये अडकतात आणि मोटर जळते. म्हणून जुन्या स्पीकरमधलं चुंबक पॉलिथिनच्या पिशवीत घालून वाळूवरून पाच-सहा वेळा फिरवा. चुंबकाला किती काळी दाढी येते ते बघून थक्क व्हाल. दाढी येणं थांबेपर्यंत फिरवत राहा.

खडी पसरून झाली की एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, हे मिश्रण ड्रॉपरनं सोडा. साबणाच्या थेंबाशिवाय ते खडीवर गोळे होऊन बसतं, आत उतरत नाही.

झाडांच्या बाबतीत जवळपास प्रत्येक जण एकच चूक करतो: झाडं फार लहान करतो. स्टेशनातला वाढलेला लिंब चाळीस फूट उंच असतो. चाळीस गुणिले साडेतीन, एकशेचाळीस मिलिमीटर. म्हणजे तुमच्या वाघिणीच्या लांबीच्या दीडपटीपेक्षा उंच. असा एक लिंब फलाटामागे उभा केला की गाडी लगेच खऱ्या मापाची वाटते, कारण ती त्याच्या सावलीत येते. खोडासाठी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जा. पाणबुडी मोटरा जळण्याचा आपल्याकडे हंगामच असतो, त्यामुळे जळालेल्या तांब्याच्या तारेची भेंडोळी तिथे पडलेली असतात. साठ-सत्तर तारा एकत्र पिळायच्या, वर फांद्या मोकळ्या सोडायच्या, प्लास्टरचा हात, करडा रंग. पानांसाठी लाकडाचा बारीक भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवा. बाभळीसाठी फांद्या विरळ आणि छत्रीसारख्या पसरट ठेवा, पानं नावापुरती. गवतासाठी सुतळी उसवून कापा. ज्वारीचं उभं ताट सात फुटी, म्हणजे साडेचोवीस मिलिमीटर. झाडूच्या काड्यांचे शेंडे कापून रांगेत रोवा. माणूस एकोणीस मिलिमीटरचा. बैल मातीचे करा. पोळ्याला ज्या हातांनी मातीची जोडी केली, त्याच हातांना जरा लहान जोडी करायला सांगायचं आहे.

आणि फलाटावर कापसाच्या गाठी ठेवायला विसरू नका. लातूरच्या बाजारपेठेचा कापूस याच गाडीनं बाहेर जात होता. गाठी, एक बैलगाडी, पाण्याची टाकी, डोक्यावर गाठोडं घेतलेल्या दोन बाया. पंढरीचे वारकरी करायचे असतील तर पाट दुसरा करा आणि त्यात पंढरपूर फाटा घ्या. एकाच पाटावर सगळं आणू नका.

दुसऱ्यांना दाखवणं

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते एकदा तरी बघाच. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर गोळा केलेली आणि घडवलेली ही छोटी नगरी १ एप्रिल १९९८ ला कायमची उभी राहिली, पण तिची सुरुवात फिरत्या प्रदर्शनांनी झाली होती: १९८२ ला पुण्यात, १९८४ ला मुंबईच्या शिवाजी पार्कवर. प्रमाण एच-ओ, म्हणजे आपलंच. तिथे गेल्यावर फक्त गाड्यांकडे बघत राहू नका. सिग्नल कधी बदलतो, गाडी कुठे थांबते, दिवे कसे मंद होत जातात ते बघा. गाडी थांबण्याचा क्षण धावण्याच्या क्षणापेक्षा लोकांना जास्त आवडतो, हे तिथल्या गर्दीकडे बघून कळतं.

आपल्याकडे एवढी मोठी जागा नाही, पण शाळा आहेत, गणेशोत्सव आहे, ग्रंथालयाचा हॉल आहे. पाट घेऊन जा. टोकांची मापं पाळणारे दोघं-तिघं जमले की गाडीला एक छोटं वेळापत्रक द्या: येडशी १०.१०, पांगरी १०.४०. वहीत लिहा, सांधा कोण बदलणार ते ठरवा. पोरांना "हात लावू नका" एवढंच सांगत बसलात तर पुढच्या वर्षी कुणी येणार नाही. एका वेळी एका पोराच्या हातात कंट्रोलर द्या आणि त्याला सांगा, "बाळा, पुलावर हळू, फलाटावर पूर्ण थांबव." गाडी दोन वेळा रुळावरून उतरेल. उतरू द्या, ती परत रुळावर कशी बसवायची हेही त्यालाच शिकवा. ज्यानं स्वतः गाडी थांबवली ते पोरगं पुढच्या महिन्यात लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घेऊन तुमच्या दारात उभं राहील.

आपल्या चुका लपवू नका. तुमचा वाकलेला पाट, जळालेली मोटर, रंग उडालेली वाघीण, हे सगळं बाजूच्या टेबलावर ठेवा. नव्या माणसाला चकचकीत गाडीपेक्षा त्यातूनच जास्त समजतं.

आणि म्हाताऱ्या माणसांकडे जा. कुर्डूवाडी, बार्शी, येडशी या गावांत या गाडीवर नोकरी केलेली, किंवा तिच्यातून शाळेला गेलेली माणसं आहेत. पाट घेऊन त्यांच्या अंगणात बसा. "काका, स्टेशनची टाकी कुठल्या बाजूला होती?" एवढा एकच प्रश्न विचारा. ते बोट करून सांगतील, मग म्हणतील, लिंब तिथे नव्हता, पलीकडे होता. हलवा तो लिंब. जुने फोटो दाखवले तर मोबाइलमध्ये काढून घ्या, मूळ फोटो मागू नका, आणि पुढच्या वेळी त्याची छापील प्रत त्यांना नेऊन द्या.

आजच्या स्टेशनात मापं घ्यायची असतील तर आधी स्टेशनमास्तरांना भेटून परवानगी घ्या आणि रुळांवर उतरू नका. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे, आणि आता या मार्गावर धावते ती गाडी ब्रॉडगेजची आहे, वेगवान आहे.

शेवटी फोटो. आपण उभ्यानं, वरून फोटो काढतो आणि मग सगळं खेळण्यासारखं दिसतं. मोबाइल उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खाली येतो आणि त्याचं भिंग पाटाला जवळपास टेकतं, मातीच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. खिडकीतून सकाळचं तिरपं ऊन येऊ द्या, घरातला ट्यूबलाइट बंद करा. गाडी पुलाच्या अलीकडे थांबवा, लिंब मागे येईल असं बघा, आणि मग बटण दाबा.